वेल्डिंगची ठिणगी, समुद्राचं ऊन आणि डोळ्यातलं भिंग

वेल्डिंगच्या दुकानातल्या पोरांना एक त्रास चांगला माहीत असतो. दिवसा काच न लावता काम केलं, तरी मगरीबपर्यंत काही वाटत नाही. मध्यरात्री मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी थांबत नाही. मग कोणी बटाट्याची चकती ठेवतं, कोणी गुलाबपाणी घालतं. अतिनील किरणांनी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर भाजलेला असतो. तो थर पुन्हा तयार होतो, म्हणून बहुतेकदा एक-दोन दिवसांत आराम पडतो. (दुखणं बंद करणारे बधिरीचे थेंब मात्र पुन्हा पुन्हा घालू नयेत, जखम भरत नाही.)

आम्हाला जास्त काळजी वाटते ती न दुखणाऱ्या इजेची. पडद्यातून पुढे गेलेले बरेचसे अतिनील किरण मागचं भिंग शोषून घेतं. या भिंगातली प्रथिनं बदलत नाहीत. मधोमधची तर आपण आईच्या पोटात असताना तयार झालेली असतात, तीच शेवटपर्यंत वापरायची.

किरण शोषले की भिंगात ऑक्सिजनची फार चपळ, तापट रूपं तयार होतात. त्यांना आवरायला एन्झाइम म्हणजे विकर असतात. सुपरऑक्साइड डिसम्युटेज त्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतो. तेही घातकच, पण कॅटालेज त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतो. ग्लुटाथायोन नावाचा पदार्थही मदतीला असतो, वयाबरोबर तो कमी होतो. अडचण अशी की अतिनील किरणांनी कॅटालेज स्वतःच निकामी होऊ शकतो. म्हणजे चोर आला आणि आधी चौकीदारालाच मारलं! मग प्रथिनं एकमेकांना चिकटतात, भिंग गढूळ होतं. हाच मोतीबिंदू. साखर, तंबाखू, वय ही कारणंही आहेतच, सगळा दोष उन्हाचा नाही.

अमेरिकेतल्या चेसापीक खाडीतल्या 838 मच्छीमारांची तपासणी 1988 साली प्रसिद्ध झाली. आयुष्यभरात अंगावर घेतलेले यूव्ही-बी किरण दुप्पट झाले की भिंगाच्या बाहेरच्या भागातल्या मोतीबिंदूचा धोका 1.6 पट होत होता. रत्नागिरीकडचे आपले मच्छीमार बांधव, आखातात बांधकामावर गेलेली मुलं, यांचं आयुष्य याहून वेगळं कुठे आहे? कोरडी वाळू सुमारे 15 टक्के आणि समुद्राचा फेस 25 टक्के अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे ते खालूनही डोळ्यांत येतात.

उपाय महाग नाही. रुंद कडेची टोपी आणि ‘यूव्ही 400’ लिहिलेला चष्मा. काच काळीच हवी असं नाही. उलट, किरण न अडवणाऱ्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि जास्त किरण आत जाऊ शकतात. सुरमा लावणाऱ्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो, पण तो चष्म्याचं काम करत नाही, आणि बाजारातल्या अनेक सुरम्यांत शिसं असतं. व्हिटॅमिनच्या गोळ्यांचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत (2001) मोतीबिंदूवर त्यांचा फायदा दिसला नाही. पेरू-आवळा खा, पण गोळ्यांवर पैसे घालू नका.

हज-उमऱ्याला निघालेले पुरुष विचारतात, इहराममध्ये टोपी चालत नाही, मग काय करायचं? छत्री चालते, चष्माही चालतो. सामानात दोन्ही टाका.