लाकडी दारांना कोणतं क्लिअर पॉलिश? मिस्त्रींना 'हो' म्हणण्याआधी हे वाचा

डिजिटल डेस्क, नाशिक : किचनचं काम संपत आलं की मिस्त्री विचारतात, "पॉलिश कुठलं मारायचं?" सागवानाचा मूळ रंगच हवा असेल आणि स्टेनर लावायचा नसेल, तर उत्तर विचार करून द्या. कारण 'पॉलिश' या एका शब्दात किमान चार वेगवेगळ्या गोष्टी येतात. नंतर पिवळेपणा आला, तर तो झाकायला वर रंग नसतो.

फ्रेंच पॉलिश : लाखेपासून बनतं, स्पिरिटमध्ये विरघळतं. दिसायला सुंदर, पण पाणी आणि गरम भांड्याने पांढरे डाग पडतात. किचनपेक्षा देवघराला बरं.

मेलामाइन : कडक आणि तुलनेने स्वस्त. मात्र लावताना उग्र वास येतो आणि काही वर्षांत पिवळसर झाक येते.

पीयू : पाणी, तेल, ओरखडे यांना सर्वाधिक टिकाऊ. डब्यावर 'नॉन-यलोइंग' लिहिलंय का, ते पाहा. यातल्या हार्डनरची वाफ श्वासाला घातक असते. फवारणी करणाऱ्याला साधा रुमाल नव्हे, योग्य फिल्टरचा मास्क हवा.

वॉटर-बेस्ड पीयू : वास कमी, रंग जवळपास जसाच्या तसा. पाण्यामुळे लाकडाचे रेशे उभे राहतात, म्हणून पहिल्या हातानंतर ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवावा लागतो. सागवान तेलकट असतं. त्यामुळे आधी थिनरने पुसून घ्या.

पावसाळ्याचं काय?
जून ते सप्टेंबरमध्ये हवेतला ओलावा वाढतो. तेव्हा फ्रेंच पॉलिश किंवा लॅकर मारलं, तर पांढुरका धूसरपणा येऊ शकतो. शक्य असेल तर कोरड्या हवेत काम काढा.

सर्वांत मोठी चूक
अनेकदा दाराला बाहेरून तीन हात आणि आतून एकच हात मारला जातो. मग कोरी बाजू ओलावा जास्त शोषते आणि दार वाकतं. बिजागऱ्या कितीही घट्ट केल्या तरी नीट बसत नाही. म्हणून पुढची, मागची बाजू आणि चारही कडांना सारखेच हात द्यायला सांगा. सिंकखालच्या दाराची तळकड तर आवर्जून तपासा.

थोडक्यात, सिंक-शेगडीजवळ नॉन-यलोइंग पीयू. घरात लहान मुलं असतील आणि राहतं घर रिकामं करता येत नसेल, तर वॉटर-बेस्ड. आधी उरलेल्या तुकड्यावर नमुना करून घ्या. तो सुकल्यावर उन्हात धरून पाहा, मगच होकार द्या.