फी माफ झाली, पण खोलीभाड्याचं काय?

राजापूर तालुक्यातल्या साखरी नाटे गावच्या मच्छीमार घरातली मुलगी इंजिनिअरिंगला लागली, तर 'फी माफ आहे' एवढं ऐकून निर्धास्त होऊ नका. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ केली. हे फार मोलाचं पाऊल आहे. पण प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) हवा, मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही. शिवाय साखरी नाट्यातून कॉलेजला जायचं म्हणजे रत्नागिरी नाहीतर मुंबई गाठायची, आणि खोलीभाडं, मेस, एसटी या माफीत येत नाही. माझ्या मते गावातल्या मुलांचं शिक्षण अडतं ते इथे. म्हणून सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर फीसोबत निर्वाह भत्त्याच्या योजनाही बघा. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. सातबारा घरात असेल तर पात्रता जरूर तपासा.

'आमची कमाई होडीवरची, पगारपत्रक कुठून आणू?' ही अडचण खरी आहे. पण उत्पन्नाचा दाखला पगारपत्रकाशिवायही निघतो. तलाठ्याच्या चौकशी अहवालावर तो राजापूर तहसील कार्यालयातून मिळतो. 'योजनेचे पैसे उशिरा येतात' हेही खरंच, मात्र बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर ते अडकूनच पडतात. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो. बारावीचा निकाल लागायची वाट पाहू नका, दाखल्यांचे अर्ज आत्ताच सेतू केंद्रात द्या.