हरणांसाठी ज्वारीचा पडदा

अमेरिकेत राहणारा माझा भाचा एकदा फोनवर म्हणाला, "मामू, इथं हरणांसाठी ज्वारी पेरतात. खायला नव्हे, लपायला!" मला गंमत वाटली. मग त्याच्याकडून सगळं नीट समजून घेतलं.

तिथले जमीनमालक हरणांसाठी क्लोव्हर, शलगम अशा चाऱ्याचा तुकडा राखतात. पण रान उघडं असलं, रस्त्यावरून गाड्या दिसल्या, की हरीण दिवसा तिकडं फिरकत नाही. अंधार पडल्यावरच येतं. म्हणून कडेनं उंच गवताची भिंत उभी करायची. घाई असेल तर 'इजिप्शियन व्हीट'. नाव गव्हाचं, जात ज्वारीची! एका हंगामात आठ-दहा फूट वाढते, पण वाऱ्या-बर्फात लोळते आणि दरवर्षी पेरावी लागते. स्विचग्रास हे तिथल्या प्रेअरीचं मूळचं गवत. ते एकदा लागलं की वर्षानुवर्षं राहतं, वाळूनही हिवाळाभर उभं असतं. मात्र जम बसायला दोन-तीन वर्षं जातात. पहिल्या वर्षी तणच जास्त दिसतं आणि अधीर माणूस नांगर घालून मोकळा होतो.

याच आडोशानं शिकारीही मचाणापर्यंत गुपचूप पोहोचतो. हे ऐकून माझा उत्साह जरा मावळला.

तरी आमचा बांध आठवला. दर उन्हाळ्यात त्यावरचं पवना, कुसळी आम्ही पेटवून देत असू, स्वच्छ दिसायचं. तित्तरांची हाक कधी थांबली, कळलंच नाही. गेली दोन वर्षं एक बांध तसाच ठेवलाय. हाक अजून आलेली नाही. शेजारी मात्र विचारतो, "काय भाई, काडेपेटी संपली का?"