अलीकडे-पलीकडे एकाच पडद्यावर: तुलनेचा व्हिडिओ करताना तराजू सरळ कसा ठेवाल?

बेळगाव : अर्ध्या पडद्यावर महाराष्ट्र, अर्ध्या पडद्यावर कर्नाटक. रस्ता, बसभाडं, पेट्रोलचा दर, सरकारी शाळा, विषय कोणताही असो, सीमाभागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असे तुलनेचे व्हिडिओ सतत फिरत असतात. मोबाईलवर ते अर्ध्या तासात तयार होतात आणि ३० सेकंदांत बघणाऱ्याचं मत बनवून टाकतात. इथे ते जपून करायला हवेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये बसमधल्या भाषेच्या वादावरून दोन्ही राज्यांमधली बससेवा विस्कळीत झाली, तेव्हा हाल झाले ते रोज ये-जा करणाऱ्यांचेच. चुकीच्या तुलनेने अशा वादात तेल ओतायला वेळ लागत नाही.

आधी जोडी जुळवा

बसभाड्याचंच उदाहरण घ्या. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत महिलांना मोफत प्रवास आहे. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत आहे. एका बाजूला शून्याचं तिकीट, दुसऱ्या बाजूला अर्धं तिकीट दाखवलं की विषय संपला असं वाटतं. पण ‘शक्ती’ फक्त कर्नाटकातल्या रहिवासी महिलांसाठी आहे, तीही साध्या बसमध्ये आणि राज्याच्या हद्दीत. कोल्हापूरहून बेळगावला माहेरी येणाऱ्या महिलेला त्याचा उपयोग नाही. हे व्हिडिओत सांगितलं नाही, तर तुलना अर्धवट राहते.

म्हणून साध्या बससमोर साधीच बस ठेवा, शिवशाही नको. अंतर वेगळं असेल तर भाड्याला किलोमीटरने भागा आणि किलोमीटरमागचा दर दाखवा.

तारखेचंही तसंच. कर्नाटकात ५ जानेवारी २०२५ पासून बसभाडं १५ टक्क्यांनी वाढलं. महाराष्ट्रात एसटीची १४.९५ टक्के वाढ २५ जानेवारीपासून लागू झाली. मधल्या वीस दिवसांत केलेला व्हिडिओ आज कुणी पुढे पाठवला तर ‘भाडं तिकडेच वाढलं’ असा समज होणार. दोन्ही बाजूंचं शूटिंग एकाच दिवशी, निदान त्याच आठवड्यात करा.

शूटिंग करताना

दोन्हीकडे तोच मोबाईल, तीच लेन्स, तीच उंची ठेवा. एकीकडे वाइड लेन्स वापरली तर तिथला रस्ता उगाच रुंद दिसतो. वेळही सारखी हवी. सकाळच्या कोवळ्या उन्हात खड्ड्यांची सावली लांब पडते, त्यामुळे ते खोल वाटतात. भर दुपारी तेच खड्डे उथळ दिसतात. बऱ्याच मोबाईलमध्ये स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कायम राहतो. सेटिंगमध्ये दोन्ही वेळी सेकंदाला ३० फ्रेम ठेवा.

महत्त्वाची गोष्ट चित्राच्या मधोमध ठेवा, कारण आडवा व्हिडिओ शेजारी-शेजारी लावताना दोन्ही बाजूंच्या कडा कापल्या जातात.

जोडताना

आडव्या व्हिडिओचा आकार १९२० बाय १०८० असतो, म्हणजे प्रत्येक बाजूला ९६० बाय १०८० जागा मिळते. रील किंवा स्टेटससाठी उभा व्हिडिओ १०८० बाय १९२० चा. त्यात शेजारी-शेजारी लावलं तर प्रत्येकाला फक्त ५४० रुंदीची पट्टी येते आणि आख्खी बस त्यात मावत नाही. तिथे एक खाली, एक वर लावा. प्रत्येकाला १०८० बाय ९६० मिळतं आणि चित्र नीट दिसतं.

व्हीएन, इनशॉट, काईनमास्टर यांपैकी कोणतंही ॲप चालतं. पहिली क्लिप मुख्य म्हणून घ्या, दुसरी तिच्यावर ठेवा, मग दोन्ही आपापल्या अर्ध्या भागात कापून बसवा. संगणकावर शॉटकट मोफत मिळतं. वेळ जुळवायला शूटिंगच्या सुरुवातीला टाळी वाजवा आणि दोन्ही क्लिपमधल्या टाळ्या एकाखाली एक आणा. प्रवासाचा व्हिडिओ असेल तर बस सुटल्याचा क्षण जुळवा. एका क्लिपचा वेग वाढवायचा नाही. दोन्ही आवाज एकदम ठेवले तर नुसता गोंगाट होतो. एक आवाज बंद करा किंवा स्वतःचं निवेदन घाला. करुण संगीत एकाच बाजूला लावणं हा तर सरळ काटा मारण्याचा प्रकार झाला.

गाव, राज्य आणि तारीख चित्रावरच लिहा. व्हॉट्सॲपवर पुढे जाताना खालचा मजकूर गळून पडू शकतो, चित्रावरचा राहतो.

दुसऱ्याचा व्हिडिओ वापरायचा असेल तर

परवानगी घ्या. टीका किंवा समीक्षेसाठी काही भाग वापरायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे, मात्र तो वापर रास्त असावा लागतो. गाणं मागे राहिलं तर यूट्यूबची यंत्रणा ते आपोआप ओळखते आणि हक्काचा दावा येऊ शकतो. तो आवाज काढून टाकलेला बरा.

पाठवण्याआधी शेवटची तपासणी सोपी आहे. सीमेच्या अलीकडच्या एकाला आणि पलीकडच्या एकाला व्हिडिओ दाखवा. दोघंही ‘हो, असंच आहे’ म्हणाले तर खुशाल ग्रुपवर टाका. एकजण जरी ‘अहो, पण...’ म्हणाला, तर तो पुढे काय सांगतो ते ऐका आणि तेवढं व्हिडिओत घालून मगच पाठवा.