कोलेस्टेरॉल आणि आपला दस्तरखान

कोलेस्टेरॉल वाढल्याचा रिपोर्ट घरात आला की सर्वांत आधी अंडी बंद होतात. मग मोबाईलवर कोणीतरी लसूण, आले, लिंबू, सिरका आणि मधाच्या काढ्याची कृती पाठवते, आणि बाटली भरून फ्रीजमध्ये जाते. शुक्रवारची बिर्याणी मात्र तितक्याच तुपात शिजते आणि चहाबरोबरची खारीही सुटत नाही. पालकसभेनंतर मुलांच्या आया मार्कांखालोखाल याच विषयावर बोलतात. प्रश्न एकच असतो, "टीचर, गोळी न घेता कमी होईल ना?"

पुष्कळांचे होईल. काहींचे होणार नाही. दोन्ही गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात.

रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल आपले जिगर, म्हणजे यकृत, स्वतःच बनवते. त्यामुळे अंड्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा मोठा फरक पडतो तो थिजणाऱ्या चरबीने: तूप, लोणी, साय, मटणाची चरबी, डालडा, पाम तेल, खोबरेल. ही चरबी जास्त झाली की रक्तातले एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उचलून घेण्याचे यकृताचे काम मंदावते. याच्या उलट काम करतो तो जव, डाळी, वाल, राजमा आणि इसबगोल यांतला चिकट तंतू. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवते. हा तंतू आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो आणि नवे पित्त बनवण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. काढ्यातल्या लसणाचा परिणाम याच्यापुढे फारच थोडा आहे.

केवळ जेवण बदलून इतका फरक पडतो का, अशी शंका येते. फिनलंडच्या पूर्वेला उत्तर कारेलिया नावाचा प्रांत आहे. तिथले पुरुष शेतात आणि जंगलात राबणारे, अंगाने काटक, तरीही ऐन उमेदीत हृदयविकाराने जात होते. पावावर लोण्याचा जाड थर, सायीचे दूध, चरबीदार मांसाचा रस्सा, भाजी नावालाच. १९७२ मध्ये डॉ. पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली तिथे मोहीम सुरू झाली. डॉक्टरांचे व्याख्यान ऐकून कोणी लोणी सोडत नाही, हे त्यांना लवकर कळले असावे, कारण त्यांनी गावोगावच्या गृहिणींच्या संघटनेला हाताशी धरले. या बायकांनी मेजवान्या भरवल्या आणि तोच जुना रस्सा मांस कमी व भाज्या जास्त घालून लोकांना खाऊ घातला. पुढे तर कोलेस्टेरॉल कमी करण्याच्या गावागावांत स्पर्धा लागल्या. पस्तीस वर्षांत तिथल्या पुरुषांचे सरासरी कोलेस्टेरॉल सुमारे २० टक्क्यांनी उतरले आणि कमावत्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. यात सिगारेट सुटण्याचा, रक्तदाबावरच्या इलाजाचा आणि नंतर आलेल्या औषधांचाही वाटा होता, पण सुरुवात ताटापासून झाली.

आपले ताटही मोडावे लागत नाही. दालचाच घ्या. चण्याची डाळ आणि दुधी वाढवा, मटण निम्मे करा. पाहुण्यांना कळतही नाही. रोज एक वाटी शिजवलेली डाळ किंवा कडधान्य खाल्ल्याने एलडीएल साधारण ५ टक्क्यांनी उतरते. खिचड्यात गहू, जव आणि डाळी असतातच, फक्त वरून ओतायच्या तुपाला आवर घाला. जवाचा तलबीना आपल्याकडे आजाऱ्यासाठी करतात. तो रोजच्या न्याहारीत यायला हरकत नाही. साय काढलेले दूध घ्या आणि गोडाला खजूर पुरे. दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास जव किंवा ओट्स पोटात गेले तर फरक दिसतो. इसबगोल दिवसाला १० ग्रॅमपर्यंत, भरपूर पाण्याबरोबर, आणि इतर गोळ्यांपासून दोन तास दूर ठेवून.

निहारी, पाया, यखनी आदल्या दिवशी शिजवा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर जो पांढरा थर जमतो तो चमच्याने उचलून टाका. तो थर एकदा डोळ्यांनी पाहिला की वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तर्री नसेल तर निहारी कसली, असे घरातले बुजुर्ग म्हणतील. त्यांच्यापुरती चमचाभर फोडणी शेंगदाण्याच्या तेलात वेगळी द्या. कुर्बानीचे मटण फ्रीझरमध्ये भरण्याआधीच चरबी कापून काढा, नंतर कोणी काढत नाही. कोकणातल्या घरांत बांगडा आणि तारली आहेत, ही भाग्याची गोष्ट. फक्त नारळाच्या घट्ट दुधातले सालन रोज नको. डालड्यातल्या ट्रान्स फॅटवर सरकारने २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, तरी खारी आणि नानकटाईतली थिजणारी चरबी तिथेच आहे. त्याऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा बदाम, बिनमिठाचे. आणि तेल महिन्याला माणशी अर्धा लिटर, यात रमजानची भजी-समोसेही आले.

चालण्याने एलडीएल फारसे उतरत नाही, पण वजन आणि ट्रायग्लिसराइड उतरतात. शरबत आणि मैदा कमी केल्यानेही ट्रायग्लिसराइडच उतरतात. सिगारेट सोडली की चांगले कोलेस्टेरॉल सुधारते.

हे सगळे मन लावून केले तर एलडीएल १० ते १५ टक्के, फार तर २० टक्के खाली येते. म्हणजे १५० चे साधारण १२७-१३५, फार तर १२०. पण ज्यांचे १९० किंवा त्याहून वर आहे, त्यांचे जेवणाने पुरेसे उतरत नाही. अशा काही घरांत हा दोष आईवडिलांकडून आलेला असतो, म्हणून भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करावी. ज्यांना हार्ट अटॅक आला आहे, स्टेंट बसला आहे किंवा चाळिशीनंतर साखरेचा आजार आहे, त्यांना रिपोर्ट ठीक दिसला तरी बहुधा गोळी लागतेच. रिपोर्ट ठीक आला तो गोळीमुळेच आला, हे लक्षात न घेता ती बंद करणारे कितीतरी लोक आपल्या आसपास आहेत. काढ्याची बाटली दाखवून मोठ्या अब्बांची गोळी थांबवणाऱ्या सुनेची नियत नेकच असते, पण धोका अब्बांना असतो. थायरॉइड कमी असले तरी कोलेस्टेरॉल वाढते, तेव्हा डॉक्टरांना तेही विचारून घ्या.

ज्यांना डॉक्टरांनी "आधी खाण्यापिण्यावर बघू" असे सांगितले आहे, त्यांनी तीन महिने नेटाने करावे आणि त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासणी करावी. गोळी चालू असेल तर ताट बदला आणि गोळीही चालू ठेवा. कमी करायची की नाही ते डॉक्टर नवा रिपोर्ट पाहून सांगतील. यातल्या बहुतेक गोळ्या दिवसातून एकदाच असतात, त्यामुळे रमजानात त्या सुटण्याचे कारण नाही. इफ्तारनंतरची वेळ आधीच विचारून ठेवा.