तळावरचा श्वानधर्म

परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे चार महिने राहावयास गेलेल्या मराठी गृहस्थाला तेथील ज्या गोष्टी पाहून प्रथम हसू येते आणि मागाहून विचारात पडावे लागते, त्यांत सकाळी कुत्रा फिरवावयास निघालेल्या भारदस्त माणसाचे दृश्य पुष्कळ वरच्या क्रमांकावर ठेवावे लागेल. कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात, उंच सूचिपर्णी वृक्षांखाली पसरलेल्या तंबूंच्या तळावर, मी ते प्रथम पाहिले. साठी उलटलेला एक गृहस्थ आपल्या कुत्र्यामागे वाकला, खिशातली लहानशी पिशवी त्याने हातमोज्यासारखी पंजावर चढविली, जमिनीवरची विष्ठा उचलली, पिशवी उलटवून तिला गाठ मारली, आणि खाली पडलेला रुमाल उचलावा इतक्या सहजतेने तो कचरापेटीकडे चालू लागला. मला हसू आले. त्याला मात्र त्यात हसण्यासारखे काही वाटत असावेसे दिसले नाही.

असा तळ म्हणजे दोन रात्रींपुरती वसलेली आळीच होय. प्रत्येक बिऱ्हाडाला नंबर घातलेली जागा, एक लाकडी मेज, शेकोटीसाठी लोखंडी कडे आणि अस्वलांपासून अन्न राखण्यासाठी पोलादी पेटी मिळते. भिंती मात्र कापडाच्या असल्यामुळे एका तंबूतले भुंकणे दहा तंबूंत ऐकू जाते. म्हणूनच अमेरिकेच्या साऱ्या राष्ट्रीय उद्यानांना लागू असलेल्या कायद्यात पाळीव प्राण्यांविषयी स्पष्ट कलमे आहेत: कुत्र्याची दोरी सहा फुटांहून लांब असता कामा नये, त्याला खुंटाला बांधून एकटे सोडून जाऊ नये, त्याच्या भुंकण्याचा इतरांस अथवा वन्यप्राण्यांस उपद्रव होऊ देऊ नये, आणि त्याच्या विष्ठेचा बंदोबस्त उद्यानाच्या अधिकाऱ्याने घालून दिलेल्या शर्तींप्रमाणे करावा. योसेमिटीत कुत्र्याला बहुतेक तळांवर आणि फरसबंद रस्त्यांवर मुभा आहे, परंतु डोंगरातल्या पायवाटांवर सामान्यतः मज्जाव आहे. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत शांतता पाळावी लागते. आणि कुत्र्याचे खाणेदेखील त्या पोलादी पेटीतच कुलूपबंद ठेवावे लागते, कारण अस्वलाला माणसाच्या शिध्यात आणि कुत्र्याच्या शिध्यात भेद करण्याचे प्रयोजन नसते.

दोरीला विरोध करणारे लोक सर्वत्र एकच वाक्य उच्चारतात: "घाबरू नका, आमचा काही करत नाही!" हे वाक्य बोलणाऱ्याच्या दृष्टीने सत्य असते, परंतु समोरच्याला लहानपणी कुत्रा चावला असेल, त्याच्या कडेवर मूल असेल, किंवा त्याच्या स्वतःच्या कुत्र्याला परका कुत्रा सोसत नसेल, तर त्या सत्याचा त्याला काडीचा उपयोग नाही. समोरच्याची संमती विचारून मगच कुत्रा जवळ न्यावा, अरुंद वाटेवर आपण बाजूला थांबून त्याला पुढे जाऊ द्यावे, आणि दुसऱ्याच्या नंबराच्या जागेतून आडवे जाऊ नये, एवढा शिरस्ता पाळला तरी तळावरच्या निम्म्या तक्रारी मिटतील.

विष्ठेचा प्रश्न मात्र केवळ शिष्टाचाराचा नाही. शेणाला खत मानणाऱ्या आपल्या देशात साहजिकच असे वाटते, की रानात पडलेली घाण मातीत जिरून जाईल. मग एवढी यातायात कशासाठी? उत्तर असे, की रानात चरणारे जनावर त्याच मातीतले गवत खाऊन तिचेच देणे तिला परत करते, तर कुत्रा घरचे सकस अन्न खाऊन बाहेरची भर रानात टाकतो. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी शहरालगतच्या राखीव रानांचा अभ्यास करून २०२२ साली असा अंदाज प्रसिद्ध केला, की तेथे कुत्र्यांमुळे दर हेक्टरी वर्षाकाठी सुमारे ११ किलो नत्र आणि ५ किलो स्फुरद पडते. शेतकऱ्याला ही भर हवीशी वाटेल. परंतु रानात तिच्यावर मोजक्या दांडग्या वनस्पती माजतात आणि नाजूक जाती मागे हटतात. रोगाचे भय वेगळेच. कुत्र्याच्या पोटातील टॉक्सोकारा नावाच्या जंताची अंडी ताज्या विष्ठेत बाधक नसतात. ती मातीत काही आठवडे राहिल्यावर बाधक होतात आणि पुढे वर्षानुवर्षे टिकून मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात. तत्काळ उचलण्याचे सारे महत्त्व या अवधीत आहे.

तथापि पिशवीत भरले म्हणजे कर्तव्य संपले, असे नव्हे. परतताना नेऊ, या विचाराने गाठ मारलेली पिशवी वाटेच्या कडेला ठेवणारे आणि मग दुसऱ्या वाटेने परतणारे महाभाग थोडे नाहीत. उघड्यावरची घाण कालांतराने विरली तरी असती, ती त्यांनी प्लॅस्टिकमध्ये बांधून चिरंजीव केलेली असते. पिशवी शेकोटीत टाकू नये, आणि खड्ड्याच्या शौचकूपातही टाकू नये, कारण मैला उपसणाऱ्या नळीत प्लॅस्टिक अडकते. कचरापेटी नसेल तर पिशवी झाकणाच्या डब्यात घालून परत न्यावी. निर्जन रानात, आणि तेथील नियमांची परवानगी असेल तरच, पाणी, वाट व मुक्काम यांपासून दोनशे फूट दूर, सहा ते आठ इंच खोल खड्डा करून विष्ठा पुरावी.

आपल्याकडेही पवना धरणाच्या काठी आणि भंडारदऱ्याला तंबूंचे मुक्काम आता सरसहा होऊ लागले आहेत आणि त्यांत शहरातले कुत्रेही येतात. येथे दोरीला आणखी एक कारण आहे: अकोले-जुन्नर भागातील बिबट्याच्या आहारात कुत्र्याचा वाटा मोठा असल्याने, रात्री कुत्र्याला तंबूबाहेर बांधणे म्हणजे त्याला आमिष म्हणून बांधण्यासारखेच होय.

न्यूयॉर्क राज्याने १९७८ साली शहरी मालकांना कुत्र्याची घाण उचलणे सक्तीचे केले, तेव्हा तेथेही विरोध झालाच होता. पुढे कायद्याची सवय झाली. आपली अडचण कायद्याहून खोल आहे. घाण करावी आपण आणि ती उचलावी दुसऱ्याने, ही वाटणी आपण शतकानुशतके जन्मावरून ठरवीत आलो. म्हणून तर १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सवर्ण गांधीवादी कैदी अप्पासाहेब पटवर्धनांना मैलासफाईचे काम आपल्या हाती मिळावे यासाठी उपोषण करावे लागले. त्यांनी अन्न सोडून जे काम मागितले, त्याच्या मानाने आपल्या लाडक्या कुत्र्यामागे वाकणे ही काय मोठी गोष्ट? तळावरच्या त्या गृहस्थाला पाहून मला हसू आले, ते माझ्या अंगवळणी पडलेल्या त्या जुन्या वाटणीमुळे, हे मला मागाहून उमगले.

तेव्हा पुढच्या मुक्कामाला निघताना सामानाच्या यादीत सहा फुटी दोरी आणि लागतील त्याहून दोन पिशव्या अधिक लिहाव्यात. उरल्याच, तर शेजारच्या तंबूतल्या विसराळू माणसाच्या त्या उपयोगी पडतील.