तार घोडीवरच का तुटते?

महाराष्ट्राच्या सीमेलगत, तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात राजगोंडांच्या वंशगाथा गाणारे परधान राहतात. त्यांची घरची भाषा मराठी, गाथांची गोंडी आणि साथीला तीन तारांची किकरी. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या राजगोंडांवरील १९४८ च्या ग्रंथामुळे हा प्रदेश अभ्यासकांना परिचित झाला. किकरी गजाने वाजते, इलेक्ट्रिक गिटार नखीने. तरीही तारेचा ताण पेलण्याचे काम दोन्हींकडे घोडीच करते. गिटारवादक तिला ‘ब्रिज’ म्हणतात.

ऐन कार्यक्रमात गिटारची तार तुटली की दोष बहुधा तारेला दिला जातो. नवी तार चढते आणि काही दिवसांत तीही त्याच जागी तुटते. तार वारंवार एकाच जागी तुटत असेल, तर दोष तारेत नसून त्या जागेत असतो.

गिटारची सर्वांत बारीक तार साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते. योग्य स्वरात लावली की तिच्यावर सुमारे ७ किलोंचा ताण येतो. हा ताण तिच्या तुटण्याच्या मर्यादेच्या निम्म्याहून अधिक असतो. त्यातच ब्रिजवरील ज्या छोट्या आधारावर, म्हणजे सॅडलवर, ती टेकते, तिथे ती वाकते आणि वाजताना सेकंदाला सुमारे ३३० वेळा कंप पावते. सॅडलच्या खाचेला धारदार कंगोरा असेल, तर सारा भार त्या एका बिंदूवर येतो. तिथे सूक्ष्म चीर पडते, घामाने व गंजाने ती वाढते आणि एखाद्या जोरकस आघाताने तार तुटते.

म्हणून तुटलेली तार फेकण्यापूर्वी तिचे टोक पाहावे. ती खुंटीजवळ तुटली असेल, तर कारण तिथे शोधावे. सॅडलवर तुटली असेल, तर खाचेवरून कापसाचा बोळा फिरवावा. कापूस अडकला, तर कंगोरा आहे असे समजावे. अतिशय बारीक पॉलिश पेपरची घडी किंवा जुनी जाड तार खाचेतून हलकेच मागेपुढे फिरवून तो गुळगुळीत करावा. खाच खोल करू नये, अन्यथा तारेची उंची बदलते आणि ती खडखडू लागते. नंतर शिसपेन्सिलीची पूड खाचेत भरली, की स्वर लावताना तार सहज सरकते.

काही गिटारींत तार ब्रिजच्या मागे वेगळ्या पट्टीत अडकवलेली असते. ती पट्टी फार खाली असेल, तर तार ब्रिजच्या मागच्या कडेवर घासते. अशा वेळी पट्टी थोडी वर घ्यावी.

गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत पोलादी तारा लवकर गंजतात. वादन संपताच कोरड्या सुती कापडाने तारा वरून व खालून पुसाव्यात आणि काळवंडलेल्या तारा तुटण्याची वाट न पाहता बदलाव्यात. नखीचा आघात ब्रिजच्या अगदी लगत करण्याचे टाळावे.

एवढे करूनही तार तिथेच तुटत राहिली, तर सॅडल बदलणे श्रेयस्कर. बदललेल्या एका सॅडलमुळे पुढच्या अनेक तारा वाचतात आणि रंगलेला कार्यक्रम मध्येच थांबत नाही.